हंगामी आणि कायमची

९ फेब्रुवारी, रविवार

केळ हे झाडच नाही! जन्मभर मी केळीचं झाड, केळीचं झाड करत आले आणि आज रोपवाली सगळ्यांसमोर म्हणते, "आजी, खोड दाखवा बघू त्याचं." नुसती पानांवर पानं गुंडाळलेली. सोलत जा, सोलत जा — आत काही नाही. म्हटलं, अशी माणसं ढिगाने बघितली, झाड आज पहिल्यांदा बघितलं. वर्गातले टोपीवाले आजोबा इतके हसले की चहा नाकात गेला.

रोपवाली म्हणजे चौकापलीकडच्या नर्सरीची मालकीण. दर रविवारी सकाळी नवशिक्यांना शिकवते, वर चहा पाजते. तोंडाने फटकळ, माझ्या तोडीची. म्हणूनच जमलं.

आजचा धडा — रूप बघून जात ओळखायची. एक जाड खोड आणि वर पसारा, ते झाड. जमिनीतूनच दहा फांद्या निघतात, कोणी कोणाचं ऐकत नाही, ते झुडूप. दुसऱ्याच्या खांद्यावर चढून मिरवते ती वेल. आणि मऊ देठाचं, ज्याचं लाकूड कधी होत नाही, ते नुसतं रोप — पुदिना, झेंडू, कोथिंबीर. एवढी ताडमाड केळ ह्या शेवटच्या पंगतीत, कोथिंबिरीच्या शेजारी! उंची बघून मान देऊ नये म्हणतात ते उगाच नाही.

ही वही नातीने दिली. शिकायला बाहेर राहते ती. म्हणाली, "आजी, बोलून बोलून घरातल्यांना भाजतेस, थोडं कागदाला भाज." मी चौथी पास, अक्षर कोंबडीच्या पायाचं. पण इथे कोण वाचायला बसलंय!

११ फेब्रुवारी, मंगळवार

जावईबुवांनी झारी आणली. हिरवी, लांब चोचीची. "आई, तुमच्या बागेसाठी." इतकं मऊ बोलतात की ऐकणाऱ्याने ओशाळावं. लेक मागे उभी. म्हणाली, "कशाला आणलीत? मगाने घातलं असतं पाणी." अशी कशी ही! माणूस हौसेने आणतो आणि हिचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. माझ्या पोटची म्हणून सांगायची लाज वाटते.

लेकीच्या घरी राहायचं माझ्या जिवावर आलं होतं, हे खरं. माझ्या दोन खोल्या होत्या. भाड्याच्या, पण माझ्या. लग्न होऊन आले ती तिथेच, हे गेले तेही तिथूनच. लेकीने फोनवर फोन केले. "आई, पाहुणी म्हणून नको, कायमची ये. मला घरात माणूस हवंय." अगं, नवरा आहे की घरात, तो काय माणूस नाही? पण शेवटी जानेवारीत आले. घरमालकाला किल्ली द्यायला जावईबुवा स्वतः गेले — मला जिना चढायला नको म्हणून. पोटच्या पोराला हे सुचलं नाही. तो तिकडे आठव्या मजल्यावर, ढगात.

घरामागची जागा एक खाट आणि वर दोन उशा एवढीच. लेकीने पहिल्याच दिवशी दाखवली. "आई, ही तुझी. वाटेल ते लाव." दगड वेचले, माती उकरली. कंबर बोलते आहे. बोलू दे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज वयाचा धडा. हा मला फार आवडला.

हंगामी म्हणजे एका हंगामाचा पाहुणा. उगवला, फुलला, बी टाकलं, मेला. झेंडू, सूर्यफूल. दोन सालाची म्हणजे पहिल्या साली नुसती पानं काढणार, खाली मुळात साठवून ठेवणार, दुसऱ्या साली फुलणार आणि संपणार. कोण? तर गाजर! कांदा! कोबी! मी म्हटलं, जन्मात गाजराचं फूल बघितलं नाही. रोपवाली म्हणाली, "कसं बघाल? पहिल्याच साली कापून खाता." गाजराला म्हातारपण माहीत नाही. नशीबवान.

तिसरी ती बारमाही. वर्षानुवर्षं त्याच जागी. मी त्यांना कायमची म्हणते, बारमाही म्हटलं की मला नळ आठवतो. ह्यातली काही वरून साफ वाळतात आणि खाली कंद जिवंत असतो, आपल्या वेळेला पुन्हा वर येतात. निशिगंध तसा, लिली तशी. रोपवाली म्हणाली, "नवशिके वय न विचारता लावतात. मग हंगामी मेलं की रडतात, आणि कायमचं झोपलं की मेलं समजून उपटून टाकतात."

घरी येऊन जेवताना सगळं सांगितलं. जावईबुवांनी ऐकलं, मन लावून. म्हणाले, "आई, मग मी कुठल्या वर्गात?" म्हटलं, तुम्ही झाड, सावली देता. खूश झाले. "आणि ही?" ही काटेरी झुडूप! आम्ही दोघं हसलो. लेक उठली, ताटं उचलून आत गेली. थट्टा कळत नाही तिला. लहानपणी बरी कळायची.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

झेंडू उगवला. हिरवे नखभर. मी उगाच तीनदा बघून आले.

२३ फेब्रुवारी, रविवार

मी ठरवलं. लिंबू लावायचं. कलमी आणलं तर तिसऱ्या वर्षी फळ धरतं, म्हणते रोपवाली. भिंतीपासून जरा लांब, ऊन सरळ येतं तिथे खड्डा खणून ठेवला.

लेकीने खड्डा बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "आई, लिंबू नको. मुळं भिंतीला धरतात."

लिंबाच्या मुळांनी भिंत पडली हे कुठे ऐकलंस? मी विचारलं.

"कुंडीत लाव ना मग. नाही तर हंगामी लाव. लगेच रंग दिसतो."

रंग बघायला मी काय पोर आहे? म्हटलं, तूच म्हणालीस ना, वाटेल ते लाव?

जावईबुवा दारात आले. "अगं, लावू दे ना आईंना. हौस आहे त्यांची." आणि तिच्याकडे बघून हसले. ती हात पदराला पुसत बसली, हात कोरडेच होते.

बघा! परक्याचं पोर समजून घेतं आणि आपलं ते भिंतीची काळजी करतं.

२ मार्च, रविवार

उपटून दुसरीकडे लावलेलं कोणाला चालतं, हा आजचा धडा.

झेंडू, टोमॅटो, कोबी — लहान असताना खुशाल हलवा. गाजर-मुळ्याला हात लावायचा नाही. त्यांचं मूळ एकच, सरळ खाली. हलवलं की वाकडं होतं नाही तर दोन तंगड्यांचं. कुंडीतलं कसंही हलवा, ते आपली माती बरोबर घेऊन जातं. टोपीवाल्यांनी विचारलं, "आणि मोठं झाड?" रोपवाली म्हणाली, "मोठं झाड हलवायचं तर आधी वर्षभर तयारी लागते. थोडी थोडी मुळं छाटायची, नवी फुटू द्यायची. एकदम उपटलंत तर नव्या जागी उभं दिसेल, पण आतून गेलेलं."

मी म्हटलं, माझं लिंबू काढून ठेव, पुढच्या रविवारी नेते. तिने चहाचा कप उचलला, रिकामाच होता, तरी प्यायली.

९ मार्च, रविवार

लिहू की नको.

लिंबू आणायला गेले. रोपवालीने झेंडूची रोपं पुढे केली. "आजी, ही न्या. जातिवंत आहेत."

झेंडू आहे माझ्याकडे. लिंबू दे.

"लिंबाला वर्षं लागतात, आजी."

मग? मी काय उद्या मरते आहे?

"तसं नाही. जमिनीत नका लावू एवढंच. कुंडी देते ना मोठी. तुमची लेक म्हणालीच होती, आईला कुंडीतलंच द्या, हलवायला बरं—"

आणि तोंडावर हात.

कोणाला हलवायला? मी विचारलं. कुंडीला का मला?

तिने नळ सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी बंद करेना. म्हणाली, "आजी, घरी विचारा. मला वाटलं एव्हाना सांगितलं असेल तुम्हाला."

मी तशीच परत आले. झारी दारात होती, तिला ठेचकाळले.

१० मार्च

विचारलं नाही. भात गार झाला ताटात.

१२ मार्च, बुधवार

विचारायची गरज राहिली नाही.

दुपारी मी मागे माती हलवत होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी. लेक फोनवर भावाशी बोलत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही, असं लिहिणार होते. ऐकलं. हातातलं खुरपं खाली ठेवून ऐकलं.

"एप्रिलपासून तुझ्याकडे. तीन महिने तू, तीन महिने मी... नाही रे, कायमची नाही जमणार आता... असं समज ना, आई हंगामी आहे. हंगाम संपला की तुझ्याकडे, मग पुन्हा इकडे..." मग जरा थांबून, "हो, हे इथेच आहेत. सांगते."

हंगामी! मी शिकवलेला शब्द! मी रविवारी हौसेने शिकून आले, जेवताना सांगितला, आणि तो उचलून हिने मलाच चिकटवला. विश्वासाने मांडीवर मान ठेवावी आणि केसाने गळा कापावा, तो असा.

माझ्या दोन खोल्या. माझी किल्ली. "कायमची ये" म्हणणारी तीच, हेही म्हणणारी तीच. तोंड एकच, जिभा किती?

१३ मार्च, गुरुवार

आज काढला विषय. दोघं समोर होती.

म्हटलं, एप्रिलमध्ये कुठे पाठवताय मला?

लेक पांढरी पडली. "आई, बदल होईल तुला. दादाकडेही राहायला हवं ना. तीन-तीन महिने. पुष्कळ जण करतात असं."

पुष्कळ जण शिळंही खातात. मला कायमची ये म्हणाली होतीस का नाही?

"म्हणाले होते."

मग?

"तेव्हा म्हणाले होते, आई." आणि नवऱ्याकडे बघायला लागली. बोलायचं स्वतः आणि लपायचं त्यांच्यामागे!

जावईबुवांनी पेपरची घडी घातली, अगदी कडेला कड लावून. "आई, मला विचाराल तर माझी काहीच अडचण नाही. हे घर तुमचंच. पण भावंडांनी आपसात ठरवलंय, मी मध्ये कसा बोलू? हो की नाही गं?"

ती म्हणाली, "हो."

निदान त्यांनी तोंडदेखलं तरी घर तुमचं म्हटलं. हिला तेवढंही जमलं नाही. म्हटलं, बाई, मी कुंडी नाही. उचलली, ह्या गॅलरीतून त्या गॅलरीत ठेवली, असं माझं होत नाही. जन्म दिला तेव्हा तुला तीन महिने शेजारी आणि तीन महिने घरी असं नव्हतं ठेवलं.

तिने ऐकून घेतलं. उलट बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१४ मार्च

लेकाला फोन केला. "आई, ये ना, स्वागत आहे! फक्त माती-बिती आणू नकोस हां, गॅलरीत पाणी झिरपतं." स्वागत आहे म्हणे. हॉटेलवाला!

नातीला फोन केला. ती रडकुंडीला आली. "आजी, मला वाटलं तुला सांगितलंय." म्हणजे हिलाही माहीत. रोपवालीला माहीत, नातीला माहीत, आठव्या मजल्याला माहीत. घरातल्या भिंतींनासुद्धा माहीत असणार, ज्यांना लिंबाची भीती. माहीत नव्हतं ते फक्त जिला हलवायचं तिला.

घरमालकाला फोन केला. माझ्या खोल्यांत शिंपी आलाय. मशिनचा आवाज फोनमधून ऐकू येत होता.

१६ मार्च, रविवार

वर्गाला गेले. शिकायला नाही, भांडायला.

सगळे जाईपर्यंत थांबले. मग म्हटलं, बाई, तू मला दर रविवारी चहा पाजलास. मुळं शिकवलीस. मोठं झाड हलवायला वर्षभर तयारी लागते म्हणालीस. माझी तयारी चालली होती होय?

रोपवाली पिशव्यांत माती भरत होती. भरत राहिली. म्हणाली, "तुमची लेक कुंड्या घ्यायला आली होती. म्हणाली, आईला जमिनीत काही लावू देऊ नका, मागे सोडून जाताना त्रास होईल तिला. मी तिला म्हटलं, आधी आईला सांग. ती म्हणाली, सांगते, थोडे दिवस थांबा."

आणि तू थांबलीस!

"थांबले. चूक झाली." सबब नाही, रडगाणं नाही. "शिव्या द्या हव्या तेवढ्या. मात्र हातही चालू ठेवा, ह्या पिशव्या भरायच्या आहेत."

मी शिव्याही दिल्या आणि पिशव्याही भरल्या. माझ्या पिशव्या तिच्यापेक्षा घट्ट झाल्या.

२० मार्च, गुरुवार

घरात शब्दाला शब्द लागत नाही. लेक पुढ्यात ताट ठेवते, मी जेवते. कशाला उपाशी राहू? राग डोक्यात आहे, पोटाने काय घोडं मारलंय!

जावईबुवा तेवढे बोलतात. आज म्हणाले, "आई, बॅग भरायला मदत करू?" बघते तर बॅग कपाटावरून काढून, पुसून, माझ्या खाटेवर ठेवलेली. उघडी. दहा-बारा दिवस आधीच. किती ती तत्परता.

२३ मार्च, रविवार

आज नेच्यांचा धडा. त्यांना फूल नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर बारीक पूड असते, तिच्यावरच वंश चालतो. एक पान उलटं करून बघितलं. टोपीवाले म्हणाले, "आजी, आज गप्प कशा?" म्हटलं, आजी हंगामी आहे, हंगाम संपत आला. ते हसले. रोपवाली नाही हसली.

सगळे गेल्यावर ती मला मागच्या अंगाला घेऊन गेली. तिथे खोली आहे एक. खतांच्या गोण्या, तुटक्या कुंड्या, एक खिडकी, बाहेर नळ. म्हणाली, "पूर्वी राखणदार राहायचा. गोण्या हलवता येतील. मला माणूस हवंय, सकाळचं पाणी आणि गिऱ्हाइकांना उत्तरं. स्वयंपाक मला येत नाही, तो तुम्ही करा, मी खाईन."

दयेने देतेस का?

"दया आली असती तर साफ केलेली खोली दिली असती."

३० मार्च, रविवार

निघाले.

बॅग भरलेलीच होती, फक्त पत्ता बदलला. लेकाला फोन करून सांगितलं, तुझी गॅलरी कोरडी राहील. "आई, असं काय करतेस, लोक काय म्हणतील?" पण आवाजात सुटल्याचा सुस्कारा होता. फोनवर सुस्कारा लपत नाही.

जावईबुवांनी अडवलं. तोंडाने. "आई, आमच्या तोंडाला काळं फासताय." फाटकाची कडी मात्र त्यांनीच काढली.

आणि लेक? पायरीवर उभी. मी तिच्या समोरून गेले. एकदा थांब म्हणाली असती, हात धरला असता, खोटा का होईना. मी नसतेच थांबले. पण म्हणायला काय जात होतं? हाताची घडी घालून उभी राहिली, जशी भाजीवाला जायची वाट बघावी.

ह्या हातांनी न्हाऊमाखू घातलं तिला. आता पुरे. ह्या वहीत तिचं नाव काढायचं नाही.

६ एप्रिल, रविवार

नाव काढणार नव्हते. पण आठवडा झाला, आली नाही.

गोण्या हलल्या. खिडकीला पडदा लावला, गोणपाटाचा. सकाळी पाणी घालते, मग गिऱ्हाइकं. आज एक नवं जोडपं आलं. ती म्हणे, लगेच फुलणारं द्या. तो म्हणे, कधी मरू नये असं द्या. म्हटलं, बाळांनो, दोन्ही एकात नसतं. आधी घरी जाऊन ठरवा, किती दिवस त्या घरात राहणार आहात. गेले बिचारे. रोपवाली ओरडली, "आजी, गिऱ्हाईक पळवता!" म्हटलं, वय विचारून लावा म्हणून कोणी शिकवलं?

११ एप्रिल

कोरफड कोणत्या वर्गात? रसाळ. पानात पाणी साठवते, कोणी विचारलं नाही तरी महिनोन् महिने तगते. ही जात मला कळते. शिकवावी लागली नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

जावईबुवा आले. झारी घेऊन! "आई, विसरलात." बसले. चहा घेतला. म्हणाले, "लोक विचारतात हो. कोणी विचारलं तर सांगा, बागेची हौस म्हणून राहते. म्हणजे आमच्यावर यायला नको."

आमच्यावर. मी म्हटलं, लेक कशी आहे?

"ठीक. ती काय, मी सांगेन तशी असते."

बोलताना बाजूच्या पेटीतली मिरचीची रोपं होती, त्यांचे शेंडे नखाने खुडत होते. एक झालं की पुढचं. बोलणं मधासारखं आणि नख चालूच. ते गेल्यावर बघितलं तर एक रांग बोडकी. रोपवाली म्हणाली, "हे कोण होते?" म्हटलं, जावई. "शेंडा खुडला तर फुटवे येतात, आजी, पण एवढ्या खाली खुडलं तर मरतं." तिने ती रांग काढून टाकली.

मी बराच वेळ त्या रिकाम्या रांगेपाशी बसले. का ते लिहिता येत नाही.

२१ एप्रिल

लेकीला फोन केला. माझा मान मी गिळला. फोन जावईबुवांनी उचलला. "ती झोपली आहे, आई." सकाळी अकराला? माझी लेक आजारातही दिवसा आडवी होत नाही.

२४ एप्रिल

पुन्हा केला. पुन्हा तेच उचलतात. म्हणे, तिला तुमच्याशी बोलायचं नाही. इतकं मऊ सांगतात की आभार मानावेसे वाटतील.

नसेल बोलायचं. तिनेच तर हाकललं. मग मी फोन का करते आहे?

२७ एप्रिल, रविवार

सकाळी नर्सरी उघडायच्या आत लेक दारात. हातात बॅग. चपला दोन वेगवेगळ्या. म्हणाली, "आई, ह्यांना तू एक दिवससुद्धा नको होतीस. ते तीन-तीन महिने मी मागून मागून मिळवले होते." मग म्हणाली, "काल म्हणाले, तूही जा." खाट एकच आहे. ती म्हणाली, "सरकतेस का जरा?"

मी सरकले.